मर्नाचा डावा कान

मर्ना गॅफनीनं सव्वीस हिवाळे स्कीच्या लिफ्टा चालवल्या. लोकांना बसवायचं, उतरवायचं, कुणी आपटलं की लाल बटण दाबायचं. एका वर्षी हातमोजे द्यायला मालक कुरकुरला, तर हिनं अकरा बायांना घेऊन ऐन शनिवारी सगळ्या लिफ्टा बंद पाडल्या. दुपारच्या आत मोजे आले. तेव्हापासून तिच्याशी वाद घालायच्या आधी आमच्या डोंगरातली माणसं दोनदा विचार करतात.

निवृत्तीनंतर ती जिंदाबाइनच्या डोंगर क्लबात आली आणि चौदा वर्षं पुढारीपण धरून बसली. दुसऱ्या कुणी पुढं व्हावं, अशी कुणाची छातीच नव्हती. ढगात ती कानानं चालते, हे सगळ्यांना ठाऊक. "तीन नंबरच्या लिफ्टची खडखड डाव्या कानावर ठेवा, गॅननचं शिखर आपोआप पायाखाली येतं," असं ती सांगायची. आणि यायचंही.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी, आमच्याकडचा हिवाळा सरता सरता, ती क्लाइव्ह हॅड्रिलला गॅननवर घेऊन निघाली. क्लाइव्ह एकोणऐंशी वर्षांचा. क्लबच्या यादीतली चोवीस शिखरं त्यानं केली होती, सगळी बर्फावरून. उन्हाळ्यात चढलेलं आम्ही धरत नाही. राहिलं होतं एकटं गॅनन. वीस तारखेला दोन्ही गुडघे बदलायचे होते. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, त्यानंतर बर्फाचं नाव काढायचं नाही. सोबत होती जोसी, क्लबातली सगळ्यात नवी, गावातल्या बेकरीत काम करणारी.

बुटांना बर्फावर चालायचे रुंद स्नोशू बांधून तासभर चढले, तोवर ढग उतरला. हातभर पुढचं दिसेना.

"फोनवर बघू का एकदा?" जोसी म्हणाली.

"फोन पिशवीत," मर्ना म्हणाली. "ही खडखड ऐकू येते ना? तीच वाट."

"जोसी, तिला विचारू नकोस," क्लाइव्ह धापा टाकत म्हणाला. "गेल्या खेपेला मी विचारलं, तर मला तीन किलोमीटर उगाच फिरवलं होतं."

"फिरवलं म्हणून जिवंत आहेस, म्हाताऱ्या. चल."

वर खडक लागला. क्लाइव्हनं हातमोजा काढला आणि उघडा पंजा दगडावर टेकवला. पुढाऱ्याच्या देखत हात लागला आणि पुढाऱ्यानं यादीवर सही केली की शिखर झालं, हा आमचा रिवाज. जोसीनं केक काढला.

तेवढ्यात ढग फाटला.

गॅननवरून स्कीचं गाव आणि तलाव दोन्ही समोर दिसायला हवे होते. समोर नुसता तलाव होता, गाव पाठीमागे. मर्नाला आधी वाटलं, आपणच उलटं तोंड करून उभ्या आहोत. ती वळली. मग गाव पुढं आलं, पण तलाव नाहीसा झाला. पुन्हा वळली. खडखड तर डाव्याच कानात! आणि एकदम तिला सकाळी गाड्या लावल्या तिथला सूचनांचा फळा आठवला. तीन नंबर गेल्या रविवारपासून बंद, खाली बर्फ उरला नाही. फळा तिनं स्वतः वाचला होता, मोठ्यानं. मग हे खडखडतंय काय? पाच नंबर? पाच तर पलीकडच्या उतारावर.

समोर, खिंडीपल्याड, गॅनन उन्हात लख्ख उभं होतं.

सांगितलं नसतं तर? क्लाइव्हची पाठ तिकडं होती, ढग पुन्हा मिटत होता. सही करायला काय जातं? पण खोट्यावर सही तिनं मालकासाठीही केली नव्हती.

"क्लाइव्ह," ती म्हणाली, "हे गॅनन नाही."

"मग काय आहे?"

"पॅडीचं टेकाड."

क्लाइव्ह दगडावर बसला आणि हातमोजा पुन्हा चढवला. "इथं मी येऊन गेलोय. सत्त्याऐंशी साली." मग उठला. "चल तिकडं."

खिंडीकडे दहा पावलं टाकली असतील, तोच तो मांडीपर्यंत आत गेला. ऊन लागून बर्फ खिचडीसारखा झाला होता. दोघींनी त्याला ओढून काढलं.

"बस झालं. परत," मर्ना म्हणाली.

"तू कोण ठरवणारी?"

"पुढारी."

"पुढारी! मघाशी कुठं उलथली होती पुढारी?"

मर्ना त्याच्या पायांवरचा बर्फ झटकू लागली.

"गुरुवारी पहाटे कडक थंडी आहे," जोसी हळूच म्हणाली. "बर्फ गोठलेला असेल."

"गुरुवारी येतो," क्लाइव्ह म्हणाला. "पण पुढं जोसी. फोन हातात घेऊन."

मर्नाच्या ओठांवर शिवी आली. तिनं ती गिळली.

"आणि मी?"

"तू ये. हात लागलेला बघायला कुणीतरी लागेलच की."

हा टोमणा होता की माफी, तिला उमगेना. विचारावं, तर उत्तराची भीती. तिनं वाकून स्नोशूचे पट्टे उगाच घट्ट केले, ते घट्टच होते. मग जोसीला पुढं जाता यावं म्हणून वाटेतून बाजूला सरली. दोघं परतीच्या वाटेनं पुढं गेली, तरी ती तिथंच उभी. मागून चालताना पाय नेमका कुठं टाकायचा, हे तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.