पाळणावाली अक्का

मंगळूरच्या समुद्रावर एक अक्का हातानं पाळणा फिरवायची. पदर खोचलेला, तोंडात पान. लेकराला बसवायच्या आधी त्याच्या पायाची वाळू स्वतः झटकायची. तिचं नाव मी विचारलं नाही, पण तिकडून जाताना अजून हात जोडतो.

शाळा सोडून मी इकडं बांधकामावर आलो, गावाकडं भालकीला जाणं कमीच. सुट्टीत बायको लेकीला घेऊन आली, तर लेक मला ‘काका’ म्हणायली. काचेतले मासे दाखवले, छोट्या रेल्वेत बसवलं, पण तिनं माझं बोट धरलं नाही. उद्या त्यांची परतीची गाडी. मला धास्तीच बसली.

पाळण्यापाशीही ती ‘काकासंगं न्हाई’ म्हणत आईमागं दडली.

“कामून भ्यायलीस गं? बस की काकासंगं!” अक्का म्हणाली.

‘कामून’ ऐकलं आणि ओळखलं. आमच्याकडचीच!

“काका न्हाई अक्का, बाप हाय मी.”

“व्हय? मग बसा दोघं. वर गेल्यावर लेकरं बरोबर ओळखतात.”

पाळणा वर गेला. समोर नुसतं पाणी. लेकीनं माझी कॉलर गच्च धरली.

खालून अक्का मुद्दाम ओरडली, “थांबवू का ओ, काका?”

लेक चिडून ओरडली, “काका न्हाईत! माझे अप्पा हायत!”