हजार वर्षांचा कागद

जोंजू शहरातल्या आमच्या गल्लीत माझं शिक्के कोरायचं दुकान आहे आणि त्याच्या भिंतीला लागून ब्योन सुकजाताईचं झेरॉक्सचं. तिच्या फळीवर किमचीचे, म्हणजे आंबवलेल्या कोबीचे, सहा डबे आहेत. नवखं गिऱ्हाईक विचारतं, "ताई, वास कसा येत नाही?" येईल कसा? आत कागद असतो. पावसाळ्यात कागद ओल पितो आणि लेझर प्रिंटरच्या तापल्या रुळाखाली गेला की सुरकुततो, अडकतो. म्हणून रीम फोडली की उरलेला कागद घट्ट झाकणाच्या डब्यात.

दुकानात पाटी आहे : घरचा कागद आणू नये. एका नवरदेवाच्या भावानं लग्नपत्रिकांसाठी शाईच्या प्रिंटरचा चकचकीत कागद आणला होता. त्याचा थर वितळून रुळाला चिकटला आणि मशीन तीन दिवस बंद. तेव्हापासून ताई प्रत्येक कागद बोटांनी चोळून, कानाशी फडफडवून बघते.

"स्थळ बघायला बसल्यासारखी बघतेस," मी एकदा चिडवलं.

"स्थळ नाकारता येतं रे. रुळाला चिकटलेल्या कागदाशी काडीमोड होत नाही."

गेल्या जुलैत मा ग्योंगसू आजोबा आले. त्या संध्याकाळी त्यांच्या बायकोचं पहिलं वर्षश्राद्ध होतं. आमच्याकडे श्राद्धात मृत माणसाचं नाव कागदाच्या पट्टीवर लिहून मांडतात आणि शेवटी ती जाळतात. आपल्या आईवडिलांचं नाव आजोबांनी पन्नास वर्षं ब्रशनं लिहिलं. पण दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात थरथरायला लागला.

पिशवीतून त्यांनी तुतीच्या सालीचे दोन हातकागद काढले. बायकोनं आणून ठेवलेल्यांतले शेवटचे.

"मुलगा म्हणतो, साध्या कागदावर छापून आणतो. तिचं नाव, आणि साध्या कागदावर? ह्याच्यावर छाप."

"आजोबा, ह्याचे धागे लांब आहेत, तूस सुटतो. मशीन गिळेल."

"पोरी, हा कागद हजार वर्षं टिकतो."

मागे एवढी पाटी असून ताईला नाही म्हणवेना. तिनं कागद तासभर दुकानात पसरून ठेवला. कडेचे धागे कापले. पुढची कड भाताच्या खळीनं जाड कागदाला चिकटवून वाळवली. मशीनवर जाड कागदाची खूण निवडली, मागचं दार उघडून कागद सरळ जाईल असं केलं आणि हातानं आत सारला. अर्धा बाहेर आला आणि कर्रकन आवाज झाला. झाकण उघडलं तर चुरगळून दोन तुकडे.

"हजार वर्षं," आजोबा म्हणाले, "आणि तुझ्या मशीननं एका घासात खाल्लं." ते हसले, पण डोळे भरले होते. "सगळ्यांची नावं लिहिली सुकजा मी. तिचंच लिहिता येत नाही."

दारात उभं राहून बघणं मला अवघड झालं.

ताईनं दुसरा कागद उचलला आणि मशीनशी नेता नेता थांबली. उजेडाकडे धरला. पलीकडून तिची बोटं दिसत होती. तिनं डब्यातून साधा ऐंशी ग्रॅमचा कागद काढला, त्यावर नाव मोठ्या काळ्या अक्षरांत छापलं आणि वर हातकागद ठेवला. अक्षरं खालून स्पष्ट दिसली.

"मशीनचं काम मशीननं केलं," ती म्हणाली. "आता तुमचं तुम्ही करा."

ब्रश आणि शाई मी माझ्या दुकानातून आणली. डाव्या हातानं उजवं मनगट धरून आजोबा अर्धा तास गिरवत होते. काही रेघा भरकटल्याच.

"वाकडं झालं. हे माझं अक्षर, हे तिला कळेल का?"

"झटक्यानंतर तुम्हाला जेवू कोण घालत होतं?" ताईनं विचारलं.

"तीच. हा हात धरून, वर्षभर."

"मग?"

आजोबांनी ब्रश खाली ठेवला. कागद वाळेपर्यंत त्यावर हळूहळू फुंकर घालत बसले.

संध्याकाळी श्राद्धानंतर तो हातकागद रीतीप्रमाणे जळाला. दुसऱ्या दिवशी आजोबा खालचा साधा कागद घेऊन आले. वरची शाई त्यात झिरपली होती. छापील सरळ अक्षरांच्या अंगाखांद्यावर त्यांची वाकडी अक्षरं.

"माझ्या घरी ओल आहे," ते म्हणाले. "पुढच्या श्राद्धाला गिरवायला लागेल, तोवर तुझ्याकडे ठेव."

ताईनं सातवा डबा विकत आणला. त्यात तो एकच कागद आहे आणि झाकणावर तिच्या हातानं लिहिलंय : मशीनमध्ये घालू नये.