बोटभर जागा

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीतल्या अंजिराची पिवळी पानं खुडत होते. चांदवडहून भाचा बोलत होता. "मावशी, आई गेली. सकाळी चहा घेतला, आणि..." बोटांना लागलेला अंजिराचा चीक धुवायचं सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत कातडी चुरचुरत राहिली. त्याला आज पाच आठवडे झाले. माझी नातवंडं टोरांटोला असतात. ताई, म्हणजे त्यांची वेणूआजी, ही सुट्टीत आल्यावर सुक्या अंजिरांची पुडी हातात ठेवणारी म्हातारी, एवढीच त्यांची ओळख. ती कोण होती आणि माझ्यामुळे तिचं काय झालं, हे त्यांना माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिते आहे. त्यांच्याबरोबर इतरांनी वाचलं तरी हरकत नाही.

गोष्ट एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराची, नाशिकची. आमचे वडील, नाना, शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांच्याकडे बागकामाचं एक जाड विलायती पुस्तक होतं. त्यात भिंतीशी सपाट वाढवलेल्या फळझाडाचं चित्र होतं : मधे सरळ खोड आणि दोन्ही अंगांना तारांवर आडव्या बांधलेल्या तीन-तीन फांद्या, जणू कुणी भिंतीला पाठ लावून हात पसरून उभं आहे. इंग्रजीत त्याला एस्पॅलिअर म्हणतात. नानांना परसात तसं अंजिराचं झाड हवं होतं, आणि पुस्तकात लिहिलंय म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशीच हवं होतं. ताई तेव्हा चौदा वर्षांची. ती म्हणाली, "नाना, तिकडे ऊन मिळत नाही म्हणून ते तसं लिहितात. आपली दगडी भिंत वैशाखात तव्यासारखी तापते. पूर्वेच्या भिंतीला लावू या." पुस्तकाला उलट बोललेलं नानांना चालत नसे. ते म्हणाले, "मग दाखव करून. मॅट्रिकच्या वर्षी दिवाळीला सहाच्या सहा फांद्या हिरव्या दिसल्या, तर पुण्याला कॉलेजात पाठवीन. नाही तर आत्या म्हणेल तसं."

आत्या म्हणेल तसं म्हणजे लग्न. आत्या आमच्याकडेच राहायची आणि चांदवडचं एक स्थळ तिनं पदराला गाठ मारल्यासारखं जपून ठेवलं होतं. झाड पाहून ती म्हणायची, "काय पाप केलंय गं त्या अंजिरानं, सुळावर चढवलंय ते?" ताई म्हणायची, "आत्या, त्याला विचारलंय मी. तुमच्या चांदवडकरांपेक्षा भिंत बरी म्हणतंय." आत्या हसायची, पण स्थळ सोडायची नाही. ताईला शेतीचं शिकायचं होतं. तसल्या कॉलेजात मुली घेतात की नाही, हेही घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तरी तीन वर्षं तिनं त्या झाडाशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. दरवर्षी दोन कोवळ्या फांद्या निवडायच्या, रोज थोड्या थोड्या वाकवत तारेवर आणायच्या, बाकीच्या छाटायच्या. वाकवताना ती श्वास रोखायची आणि तिच्या शेजारी उभी असलेली मीही. एकदा 'कट्' असा आवाज झाला आणि ती मटकन खालीच बसली... मोडली होती ती आधाराची काडी.

मॅट्रिकच्या वर्षी आषाढात तिला हिवतापानं धरलं. ती दोन-अडीच महिने अंथरुणात. झाड माझ्यावर आलं. मी अकरा वर्षांची. तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या माझ्या हातात दिल्या आणि सांगितलं, "सुमे, सैल बांध. चिंधी आणि फांदी यांच्यामध्ये बोट गेलं पाहिजे. पावसात फांदी जाड होते." मला पहिल्यापासून नीटनेटकेपणाची हौस. रंगीबेरंगी चिंध्यांचं ते लोंबतं प्रकरण मला गबाळं वाटलं. मी कोठीतली नवी सुतळी घेतली, सारख्या अंतरावर घट्ट गाठी मारल्या, सुतळीची टोकं कापून एका मापाची केली. नाना म्हणाले, "शाब्बास! पुस्तकातल्यासारखं दिसतंय." आत्यानंही कौतुक केलं. ताईला खिडकीतून फक्त पानं दिसत होती.

भाद्रपद लागला तेव्हा डावीकडच्या मधल्या फांदीची पानं मलूल दिसली. मी पानं बाजूला केली. सुतळी दिसेना. ती सालीत रुतली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना फांदी सुजल्यासारखी फुगली होती. मी पानं परत होती तशी केली. घरात जाऊन ताईला सांगायचं, एवढंच काम होतं. मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू... ती विचारायची, "झाड कसं आहे गं?" मी म्हणायची, "छान." असे तीन आठवडे गेले. रोज शाळेतून आले की आधी परसात जायचं, पिवळी पानं तोडून खिशात घालायची, मग घरात.

ताई उठली, भिंत धरत परसात आली, आणि तिनं एकदाच पाहिलं. नानांचा चाकू मागितला आणि एकेक सुतळी कापत गेली. कापलेल्या जागी पांढरा चीक वाहत होता. पाच फांद्या वाचल्या. सहावीला तिनं शेणमाती लिंपली आणि दिवाळीपर्यंत रोज सकाळी नखानं साल खरवडून बघितलं, आत हिरवं आहे का.

पाडव्याच्या सकाळी नाना परसात आले. त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. "ही कुणी बांधली होती?" ताई म्हणाली, "ही तेवढी मीच बांधली होती. आजारी पडायच्या आधी." नाना म्हणाले, "सहा ठरल्या होत्या, वेणू." मग आत गेले. माघात ताईचं लग्न झालं. मॅट्रिकची परीक्षा राहिली ती राहिलीच. काही वर्षांनी मी पुण्याला कॉलेजात गेले. मला कुणी अट घातली नाही.

चांदवडला ताईनं गोठ्याच्या भिंतीवर अंजीर वाढवलं. आसपासची माणसं ते बघायला येत, कलमं मागून नेत. पन्नाशी उलटल्यावर एकदा मी धीर केला. "ताई, ती सुतळी..." ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अगं, सुतळी मी तेव्हाच ओळखली. माझी गाठ एवढी सुबक कधी होती? सुतळीचं काही नाही. लहान होतीस. पण ते तीन आठवडे मी रोज विचारत होते..." आणि तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. "घे, देठं मोड."

माझ्या गॅलरीतलं अंजीर तिच्याच झाडाचं. दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतः येऊन ते ग्रिलला बांधलं, तिच्या निळ्या लुगड्याच्या चिंधीनं. ती गेल्यापासून मी रोज सकाळी चिंधीत बोट घालून बघते. आज बोट अडकलं. तिच्या हातची शेवटची गाठ होती ती, सोडायचं जिवावर आलं... चहा गार होईपर्यंत तिथेच उभी राहिले. मग सोडली. सैल करून पुन्हा बांधली, बोट घालून पाहिलं, आणि हे लिहायला बसले.