जपानला जाणाऱ्या पेटीबरोबर लोधिवलीपर्यंत

आमचा रोबो जपानला निघाला होता, केतकी मॅडम त्याच्याबरोबर निघाल्या होत्या, आणि मी निघाले होते लोधिवलीला. प्रवास तो प्रवासच. त्यांना विमानात खिडकीची जागा मिळणार होती, मला टेंपोत मिळाली.

आधी दुखणं सांगून टाकते. कल्याणच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी एकवीस वर्षं वर्कशॉप शिकवते. यंदा आमच्या मुलांचा रोबो परदेशातल्या स्पर्धेसाठी निवडला गेला. त्याचा हात, म्हणजे खोकी उचलून रचणारा तो लांब दांडा, मी मुलांच्या डोक्यावर उभं राहून करून घेतला होता. मुलांबरोबर एकाच शिक्षकाला जाता येणार होतं. ती जागा गेली केतकी मॅडमना. वय एकोणतीस, कॉलेजात येऊन दोन वर्षं, इंग्रजी फाडफाड. माझ्या वाट्याला आलं रोबोसाठी लाकडी पेटी करून आणायचं काम. हेवा वाटला का? वाटला. अंगाची लाही लाही झाली. घरी कुकरची शिट्टी झाली तरी मला विमान ऐकू यायचं.

पेटीच्या मापांचा कागद केतकी मॅडमनीच दिला. उंची वाचली आणि माझे डोळे चमकले, कारण ती चुकली होती. रोबो चालू असला की मोटर त्याचा हात खाली दाबून धरते. बंद केला की आतली स्प्रिंग हाताला चांगला वीतभर वर उचलते. कागदावरची उंची चालू रोबोची होती आणि पेटीतून जाणार होता बंद रोबो. मी कागदाची घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि गप्प बसले. पेटी कॉलेजात येईल, प्राचार्यांसमोर रोबो भरायला घेतील, हात बाहेर राहील, आणि मग कळेल सगळ्यांना कोणाला पाठवायला हवं होतं ते. हे चित्र मी दोन दिवस चघळत होते.

घोळ घातला सुतारानं. फोनवर म्हणाला, "कागद नको बाई, माल आणा." आता आली का पंचाईत. मग मी रोबोचा हात पट्ट्यानं आवळला, बरोबर कागदावरच्या उंचीला आणला आणि रोबो टेंपोत चढवला.

बरोबर सानिका होती, तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. रोबोचा प्रोग्राम तिचा, त्यामुळे जपानला जाणाऱ्यांत तिचं नाव पहिलं. बदलापूर गेलं, नेरळ गेलं. उजवीकडे माथेरानचा डोंगर उन्हात पसरला होता. शेतांत राब (भाताच्या रोपांची जागा भाजायला पसरलेला पालापाचोळा) जाळून काळे चौकोन झाले होते आणि काही ठिकाणी अजून धूर निघत होता. मी ते तिला दाखवत होते आणि तिच्या प्रत्येक वाक्यात केतकी मॅडम येत होत्या. केतकी मॅडम म्हणाल्या तिकडे थंडी असेल. केतकी मॅडम आम्हाला वाकून नमस्कार करायला शिकवतात. कर्जतला वडापाव खायला थांबलो तर म्हणाली, "केतकी मॅडम म्हणतात, तिकडे वडापावची आठवण येईल." मला काही ती येणार नव्हती. मी दोन खाल्ले.

कर्जतहून चौकच्या रस्त्यानं लोधिवलीला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. जुन्या हायवेपासून आत, पत्र्याच्या शेडमध्ये हमीदभाईंचा कारखाना. साठीचे, काटक, कानावर पेन्सिल. खालापूरकडच्या कारखान्यांची यंत्रं यांच्याच पेट्यांतून बाहेर जातात, शिवाय पेणचे गणपतीही. पाइनच्या फळ्यांची थप्पी होती आणि प्रत्येक फळीवर शिक्का. परदेशी जाणारं लाकूड आधी भट्टीत तापवावं लागतं, म्हणजे त्यातून कीड जात नाही, हे मला ठाऊक होतं. तरी हमीदभाईंनी ते सानिकाला समजावलं आणि ती अशी ऐकत होती की मला त्यांचाही हेवा वाटला. तीन वर्षांत माझ्या तासाला ही पोरगी एवढे डोळे उघडून कधी बसली नव्हती.

मी कागद पुढे केला. त्यांनी तो न बघता फळीखाली ठेवला.

"आदी तळ," ते म्हणाले. "तळावर माल बसवायचा, मंग त्याच्याभवती भिंती. गणपतीला पन असंच. कागदावर समदं बसतंय बाई, पेटीत नाय बसत."

त्यांनी जाड दांड्यांचा तळ ठोकला, वर फळ्या मारल्या, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून रोबो त्यावर ठेवला. हमीदभाई त्याच्याभोवती एक फेरी मारून आले.

"ह्याचं तोंड कंच्या अंगाला?"

सानिकानं दाखवलं. त्या बाजूची भिंत ते खाली बिजागरीवर बसवणार होते, म्हणजे ती आडवी पडून तिचा उतार होईल आणि रोबो स्वतःच्या चाकांवर बाहेर येईल. आम्ही वरून उचलून काढणार होतो. सानिका म्हणाली, "भारी." मग हमीदभाईंचं बोट पट्ट्यावर गेलं.

"ह्यो असाच बांधून जानार काय?"

"नाही हो," सानिका म्हणाली. "दोन आठवडे दाबून ठेवला तर स्प्रिंग सैल पडेल. हा फक्त टेंपोपुरता आहे." आणि मी काही बोलायच्या आत तिनं पट्टा सोडला.

हात सावकाश वर आला आणि थांबला. हमीदभाईंनी टेप लावली, मग फळीखालचा कागद काढून बघितला.

"वीतभर चुकलंय."

सानिकाचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, परवा सकाळी माल उचलायला गाडी येतेय. पेटी लहान झाली असती तर आमचं जाणंच राहिलं असतं."

"हो ना," मी म्हणाले. माझ्या त्या चित्रात प्राचार्य होते, केतकी मॅडम होत्या, मी होते. गाडी नव्हती आणि मुलंही नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

ती फोन करायला बाहेर गेली. हमीदभाई पट्टा गुंडाळत होते.

"पट्टा तुमीच बांधला ना?"

"हो."

"मंग हात वर येतो हे तुमाला ठावं व्हतं."

त्यांनी उत्तराची वाटही बघितली नाही. "तिकडचा दांडा धरा जरा," म्हणाले, आणि मी दांडा धरला. मग करवतही घेतली. एकवीस वर्षं तेच शिकवलंय, हात आपोआप चालतात. दुपारी त्यांच्या घरून तांदळाची भाकरी आणि सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोलंबीची) चटणी आली. चव चांगली असणार. मला कळली नाही.

पाच वाजता पेटी झाली. तोंडाची भिंत आडवी पाडून आम्ही रोबो दोनदा आत-बाहेर केला. वर हाताला चार बोटं मोकळी जागा राहत होती.

परतताना कर्जत मागे पडलं आणि केतकी मॅडमचा फोन आला. सानिका माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती.

"शुभांगीताई, वाचवलंत. सानिकानं सांगितलं. उद्या प्राचार्य सरांना सांगते, माप माझंच चुकलं."

इथे तरी गप्प बसावं की नाही? पण जिभेला हाड नाही माझ्या. "रोबोचं माप बंद करून घ्यायचं असतं," मी म्हणाले. "साधी गोष्ट आहे. मोजताना बघायला नको का?"

"मी मोजलंच नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या वर्कशॉपच्या वहीतून घेतलं. हात बसवला त्या दिवशीचं पान आहे ना, त्याच्यावर उंची लिहिलीय तुम्ही. तुमचं माप म्हटल्यावर पुन्हा मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

मला ते पान दिसलं. चालू रोबोची उंची मीच लिहिली होती, आणि शेजारी 'चालू' असं लिहायचं राहिलं होतं. ही बाई उद्या माझी चूक स्वतःच्या नावावर सांगणार होती आणि मला त्यातलं काही कळूही देणार नव्हती. मीच उकरून काढली म्हणून कळली.

"सरांना तुम्ही काही सांगू नका," मी म्हणाले. "माप माझं होतं. मी सांगते."

ते मी सांगितलं. सर म्हणाले, होतं असं, पेटी तर नीट आली ना. चूक कळूनही मी दोन दिवस तोंड मिटून बसले होते, हे मात्र मला त्यांना सांगता आलं नाही, केतकी मॅडमनाही नाही. गाडी आली, पेटी गेली, मागून मुलं आणि त्याही गेल्या. विमानतळावरचा फोटो मी मोठा करकरून बघितला. हेवा अजून आहे, तो काही लोधिवलीला ठेवून आलेले नाही.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी या खेपेला प्रवासवर्णनं मागवली आहेत. सगळ्यांना जपानचं हवं होतं, मी हे देते आहे. अंक छापून होईल तेव्हा केतकी मॅडम परत आलेल्या असतील, आणि त्या अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात.