मामांच्या गाडीचा टप

वलगावात मोटारी बऱ्याच होत्या, पण आपल्या गाडीच्या डोक्यावर ओली पोती घालणारा माणूस एकच, माझे मामा. चैत्र लागला की त्यांच्या पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरच्या टपावर गोणपाट चढे आणि मामा सकाळ-दुपार त्यावर बादलीने पाणी मारत. कुणी हसलं तर म्हणत, "आपण दुपट्टा बांधतो ना बाप्पा डोक्याले? मंग तिनं काहून उघड्या डोक्यानं उभं राह्याचं?"

मामींना हे मुळीच पटत नसे. "माह्या भाजीच्या वाफ्याले पाणी नाही, अन् इथं लोखंडाची आंघोळ चालू हाय," असं त्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. मामा बादली रिकामी करून मगच उत्तर देत, "संध्याकाळी बसशीन तवा सांगजो." संध्याकाळी मामी गाडीत बसत, आत खरंच गारवा असे, आणि मामी मुद्दाम चकार शब्द काढत नसत. असा त्यांचा संसार होता.

मग मामींना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, धारेसकट. व्यायामाच्या उपचारासाठी त्यांना दर आठवड्याला अमरावतीला राजापेठेत, माझ्या घराजवळच्या दवाखान्यात आणावं लागे. विजूच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, नव्या गाडीत त्यांना वाकून शिरता येईना. अ‍ॅम्बेसेडरची सीट उंच, दार ऐसपैस. मामा कमरेला धरून त्यांना अलगद बसवत. ती गाडी होती म्हणून मामी घराबाहेर पडू शकत होत्या.

एका पावसाळी सकाळी माझ्या घरापुढे थांबलेल्या गाडीचं मी दार उघडलं आणि चरकले. मामींचा डावा खांदा, पदर, पोलकं, सगळं पिळून निघेल इतकं भिजलं होतं. टपाच्या कोपऱ्यातून वलगावपासून धार लागलेली. मामींना कळलंच नव्हतं, कारण त्या खांद्याला काही कळतच नव्हतं. "तू बोलली काहून नाही?" मामा ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांच्या लक्षात आलं. ते माझ्या पायरीवर मटकन बसले. पुढे मामींची छाती भरली आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

अकोल्याहून विजू आला तो गाडी भंगारात द्यायची गोष्ट काढतच. "मंग तुही माय घरातच बसन जलमभर," मामा एवढंच म्हणाले. अमरावतीतले डेंटर, म्हणजे गाड्यांचा पत्रा दुरुस्त करणारे, भोकांत पुट्टी भरून वरून रंग मारायला तयार होते. मामांना तसली मलमपट्टी नको होती. शेवटी विजूनेच अकोल्यात हाताने पत्रा ठोकणारा एक म्हातारा उस्ताद शोधला. आम्ही मामींसकट गेलो, कारण मामींना दुसऱ्या कुणावर सोपवायला मामा आता तयार नव्हते.

उस्तादाने टपाचा रंग खरवडून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो पापडातून जावा तसा आरपार गेला. "वरून पाणी कोन मारे?" त्याने विचारलं. मामांचा चेहरा उतरला. पोत्यांची ओल टपाच्या कडांत मुरत राहिली होती. इतक्या वर्षांच्या लाडानेच तो टप खाल्ला होता. तेवढ्यात खुर्चीवरून मामी म्हणाल्या, "मीच पाणी माराले लावत होती त्यायले. मले गरम होये ना." मी बघतच राहिले. धडधडीत खोटं होतं ते! मामांनी तोंड फिरवलं आणि दुपट्ट्याने डोळे पुसले.

गंजलेला भाग समोरच्या काचेच्या चौकटीला लागून होता. वेल्डिंगच्या आचेने चौकट वाकली तर काच बसणार नाही, मग गाडी गेलीच समजा, असं उस्तादाने सांगितलं. मामा म्हणाले, "काप." आच पसरू नये म्हणून कडेने ओली फडकी धरायची होती. उस्तादाने बादली मामांकडे सरकवली, पण त्यांचा हात काही पाण्यात जाईना. "धरा ना काकाजी, पत्रा थांबत नाही!" उस्ताद खेकसला. मामांनी फडकं धरलं. दुसऱ्या बाजूने विजूने धरलं, तोच भंगारवाला विजू. ज्योत सरकायची, फडक्यातून वाफ निघायची, मध्येच पत्रा टणकन फुगायचा आणि उस्तादाची हातोडी त्याला खाली बसवायची.

रंग झाल्यावर काच बसवायच्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. काच बसली. मी हुश्श केलं, पण मामांनी मामींना गाडीत बसू दिलं नाही. सदरा काढून, उघड्या अंगाने ते स्वतः मामींच्या जागेवर बसले, काचा वर केल्या आणि उस्तादाला पाइपने टपावर पाणी सोडायला लावलं. डोळे मिटून, डावा खांदा दाराला टेकवून बसले होते. पाणी बंद झालं तरी उतरेनात. मग बाहेर येऊन मामींना म्हणाले, "चाल, बस आता."

गेल्या पौषात मामा झोपेतच गेले. गाडी आता मी चालवते. परवा मामींना घेऊन वलगावहून निघाले आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. माझा हात सारखा त्यांच्या डाव्या खांद्याकडे जात होता. शेवटी मामींनी चांगल्या हाताने तो धरून स्टीअरिंगवर ठेवला.

"समोर पाह्य वं पोरी. तिथं कोरडंच राह्यते. ते बसून पाहून गेले हायेत."