मावशीच्या यजमानांचं अस्वल

आमच्या मावशीच्या यजमानांइतका हट्टी माणूस साऱ्या गिरगावात नव्हता, आणि त्यांच्या मागे धावून माझ्याइतका दमलेलाही दुसरा कोणी नव्हता. आता नुसतं आठवलं तरी पाय दुखतात. मी त्यांना काका म्हणे. जेवायला बसताना लोक गाईचा घास काढून ठेवतात. काका अस्वलाचा काढत! भायखळ्याला एका शेटजींनी तिकीट लावून जनावरांची बाग मांडली होती. तिथल्या म्हाताऱ्या अस्वलावर काकांचा जीव जडला होता. घरात कोणाला ताप आला तर "बघू संध्याकाळी", पण अस्वल शिंकलं की हे सुंठ घेऊन भायखळ्याला हजर. मावशी म्हणे, "मीच जाऊन पिंजऱ्यात बसते, म्हणजे माझीही विचारपूस होईल."

पुढे गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ आली. शेटजी पुण्याला पळाले, बागेत कुत्रं फिरकेना आणि जनावरांचा खुराक आटला. मावशी मुलांना घेऊन आगबोटीनं रत्नागिरीला निघाली. धक्क्यावर माझा हात धरून रडली, "यांना जिवंत घेऊन ये रे बाबा." काकांचं आपलं एकच, "सरकारनं अस्वलाच्या पोटाची सोय केली की येतो." झालं! रोज सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवायचे आणि तिथून भायखळ्याला भाकरी पोचवायची. मी मागून फरफटत. चाळीतून रोज कोणी ना कोणी जात होतं; भीतीनं मी अर्धा झालो होतो. कचेरीतले हेडक्लार्क एकदा वैतागले, "अहो, इथे माणसं मरताहेत आणि तुम्हाला अस्वल सुचतंय?" काका म्हणाले, "माणसं पळू तरी शकतात, साहेब. त्याला बाहेरून कडी घातलीय." हेडक्लार्कांनी काकांचा अर्ज ठेवून घेतला.

शेवटी साथ सरेपर्यंतच्या खुराकाला सरकारची मंजुरी आली. बागेत गाडीभर रताळी, केळी, गूळ उतरला. काका नेहमीसारखी भाकरी घेऊन गजांशी उभे राहिले. अस्वलानं ती नुसती हुंगली आणि पाठ फिरवून रताळ्यांकडे गेलं. काकांनी हाक मारली. पुन्हा मारली. "पोट भरलंय गड्याचं," ते हसून म्हणाले, पण हातातली भाकरी काही खाली ठेवेनात. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चल. कधीची आहे आगबोट?"

हेच ऐकायला मी इतके दिवस देव पाण्यात घालून बसलो होतो. पण त्यांचा तो चेहरा बघून माझ्याच्यानं पाऊल उचलवेना.

"थांबू या ना जरा, काका," मी म्हटलं. "आणखी एकदा हाक मारून बघा."