लाल रेघेखालची सही

कोश-कार्यालयात त्यांना मागे चिठ्ठीबाई आणि तोंडावर नुसतं बाई म्हणत. इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लावायचे, हे तिथलं काम. एका अर्थाला एक चिठ्ठी, आणि तिच्यावर अर्थ, मूळ, पुरावा, लिहिणाऱ्याची सही. एकतीस वर्षं बाईंनी हेच केलं होतं. घरीसुद्धा नवऱ्यानं काही ठामपणे सांगितलं की त्या विचारायच्या, "साक्षीदार कोण?"

'सेट' हा त्यांचा लाडका शब्द. एवढासा जीव, पण अर्थ लिहिता लिहिता माणसाच्या नाकी नऊ यावेत. त्याच्यापायी बाईंनी गवंड्याच्या शेजारी विटांवर बसून सिमेंट सेट कसं होतं ते ऐकलं, आणि केस सेट करणारीचं वाक्य खुर्चीतच ओल्या डोक्यानं उतरवून घेतलं. हात मोडला तेव्हा हाड सेट करतो म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही त्यांनी सोडलं नाही. "दुखतंय ते दुखू दे, आधी ते वाक्य परत म्हणा," असं बाईंनी सुनावल्याचं नर्स अजून हसून सांगते.

कार्यालयाचा एक कडक नियम होता. चुकीची चिठ्ठी फाडायची नाही. तिच्यावर लाल रेघ मारायची, खाली चूक करणाऱ्यानं सही करायची आणि ती परत खोक्यात ठेवायची, म्हणजे पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडत नाही. तपासणी बाईंकडे असल्यामुळे भल्याभल्यांनी त्यांच्यासमोर मुकाट सह्या केल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या नावावर मात्र एकही लाल चिठ्ठी नव्हती. येत्या शुक्रवारी 'सेट'चं पान छापायला जायचं होतं आणि त्याच दिवशी बाई निवृत्त होणार होत्या. डाग न लागता बाहेर पडायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मंगळवारी नव्या संपादिका पान घेऊन आल्या. "बाई, गजर सेट करणं आणि कपबश्यांचा सेट, दोन्ही एकाच मुळाखाली कसे?"

"का नसावेत?" बाई म्हणाल्या. "सेट करणं म्हणजे बसवणं, मांडणं. कपबश्या एकत्र मांडल्या की झाला सेट. बावीस वर्षांपूर्वी मीच निकाल दिलाय. थांबा, पुरावाच आणते."

खोलीच्या टोकाला चिठ्ठ्यांची खोकी होती. तिथे बाईंच्या हाती आधी लागली ती लाल रेघ मारलेली एक जुनी चिठ्ठी. चिठ्ठी मास्तरांची होती. शाळा सोडून कोशात आलेले मास्तर त्या काळी बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसत. त्यांनी लिहिलं होतं की समूह या अर्थाचा सेट वेगळा आहे, तो फ्रेंचमधून आलाय आणि त्याचं मूळ अनुयायांच्या गटासाठी असलेल्या लॅटिन शब्दात आहे. पुरावा म्हणून जाड निळ्या कोशाचं पान दिलं होतं. तो कोश तेव्हा बाइंडरकडे होता. "पुस्तक दाखवा, नाहीतर सही करा," बाई म्हणाल्या होत्या. मास्तरांनी सही केली आणि वर्षभरात नोकरी सोडली. तेव्हापासून मंडईत बाई दिसल्या की ते नुसती मान हलवायचे आणि टोमॅटोवाल्याकडे वळायचे.

निळा कोश आता समोरच्या फळीवर होता. बाइंडरकडून आल्यावर ते पान कुणीच उघडलं नव्हतं, बाईंनीसुद्धा नाही. त्या स्टुलावर चढल्या. पान तीनदा वाचलं. मास्तरांचं अक्षर न् अक्षर खरं होतं. एक सेट इंग्रजीच्या घरचा, दुसरा बाहेरून आलेला, आणि शेजारी राहून राहून दोघांना एकच आडनाव लागलेलं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. चिठ्ठी तळहाताएवढी होती आणि पर्स उघडी होती. बाईंना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त स्वतःचा राग आला. त्यांनी बावीस वर्षांपूर्वीची आपली निकालाची चिठ्ठी शोधली, तिच्यावर सरळ लाल रेघ ओढली आणि खाली ठसठशीत सही केली.

"दोन मुळं करा," त्यांनी संपादिकांना सांगितलं. "चूक माझी."

"बाई, तीन दिवस राहिलेत. मी गुपचूप दुरुस्त करते ना."

"गुपचूप? आणि मास्तरांनी काय गुपचूप सही केली होती?"

दुपारी दोन चिठ्ठ्या आणि तो निळा ठोकळा पिशवीत घालून बाई मास्तरांचे तीन जिने चढल्या. दार मास्तरांनीच उघडलं. बाईंनी पुस्तक उघडून दाखवलं. मास्तरांनी भिंग लावून पान वाचलं, मग बाईंची लाल चिठ्ठी वाचली.

"बांधणी बरी केलीय," ते म्हणाले.

"तुमच्या चिठ्ठीवरची रेघ मी मारली होती, तुमच्यासमोर मीच रद्द करते," बाई म्हणाल्या. त्यांनी रेघेवर काट मारली, तारीख घातली. "उशीर झाला, मास्तर. माफ करा."

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "तुम्हाला टाळायला बावीस वर्षं टोमॅटोवाल्याकडे वळतोय मी. मला टोमॅटो आवडतसुद्धा नाहीत."

बाईंचे डोळे भरले होते, पण सवय जाते कुठे. "साक्षीदार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी!" आतून मास्तरांच्या बायकोचा आवाज आला. "दर खेपेला किलोभर घेऊन यायचे. आता तरी तुम्ही दोघं सरळ बोलत जा!"